मंगळवेढ्याच्या एका घराची पाच नावे

(मंदिराचा जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त ग्रामस्थांपुढे दिलेले व्याख्यान)



समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. देऊळ उभे राहिले, कळस चढला, आता सभामंडपाच्या भिंतीत देणगीदारांच्या नावांची शिळा बसावयाची आहे. गेले काही दिवस पारावर, चावडीपुढे, पिठाच्या गिरणीवर बोलणे चालले आहे ते या नावांचेच. कोणाचे नाव वर यावे, कोणाचे खाली, कोणाच्या वडिलांचे नाव राहून गेले, याची चर्चा होते. यात गैर काही नाही. माणसाला आपले नाव प्रिय असते. तेव्हा मीही आज नावांवरच बोलावे असे ठरविले आहे. पण ही नावे आपल्या मंगळवेढ्याच्या मातीतील, एकाच घरातील आहेत आणि पावणेसातशे वर्षांपेक्षाही जुनी आहेत.

ती पाच नावे अशी: चोखामेळा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि मुलगा कर्ममेळा. निर्मळा या चोखोबांच्या बहीण, आणि बंका हे निर्मळेचे पती. हेच बंका सोयराबाईंचे भाऊ. म्हणजे आपल्याकडे ज्याला साटेलोटे म्हणतात तसा हा दुहेरी संबंध होता. एका घरातील पाचही माणसांचे अभंग आज गाथेत छापलेले आहेत. अशी घरे जगात फार थोडी सापडतील. आणि हे घर गावकुसाबाहेरचे होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे महार म्हणून ज्यांना देवळाच्या पायरीवर येण्याची बंदी, अशा माणसांचे हे घर.

नावे कशी ठेवावीत याविषयी जुन्या धर्मशास्त्रात नियम सांगितलेले आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे की ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक, आणि शूद्राचे नाव मात्र निंदावाचक असावे. जो वर्णव्यवस्थेतही मोजला जात नव्हता, त्याच्या नावाची मग काय कथा! पुष्कळ घरांत मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून दगडू, धोंडू, केरू, कचरू अशी नावे ठेवण्याची चाल होती; ती सर्वच जातींत होती. पण एक स्वतःहून प्रेमापोटी ठेवलेले नाव, आणि दुसरे लोकांनी कमीपणा दाखविण्यासाठी लादलेले नाव, या दोहोंत मोठे अंतर आहे. अशा काळात गावकुसाबाहेरच्या या घरात 'शुद्ध' या अर्थाची दोन नावे आहेत आणि 'मेळ' व 'नाते' या अर्थाची तीन आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आता एकेक नाव पाहू.

पहिले नाव चोखा. संस्कृतात 'चोक्ष' असा शब्द आहे. त्याचा अर्थ स्वच्छ, शुद्ध. प्राकृतात त्याचे 'चोक्ख' झाले आणि मराठीत 'चोख'. आपण चोख सोने म्हणतो, चोख हिशेब म्हणतो, चोख बंदोबस्त म्हणतो. निवडून, पारखून घेणाऱ्या माणसाला चोखंदळ म्हणतो. एखादी नवी वाट धरली की वाट चोखाळली असे म्हणतो. गुजराती भाषेत 'चोख्खुं' म्हणजे स्वच्छ. आपल्या तालुक्यात कानडी बोलणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना विचारा, 'चोक्क' म्हणजे काय. निर्भेळ, नीटनेटके. अस्सल सोन्याला ते 'चोक्क चिन्न' म्हणतात. म्हणजे मराठी, गुजराती, कानडी या तिन्ही भाषांत हा शब्द एकाच अर्थाने नांदतो आहे.

या नावाची दुसरी एक उपपत्ती कथा-कीर्तनांतून सांगितली जाते. चोखोबांचे आईवडील आंब्यांचे ओझे घेऊन बेदरकडे चालले असता वाटेत एका ब्राह्मणाने एक आंबा मागून घेतला. त्याने तो चोखून पाहिला आणि आंबट आहे म्हणून परत दिला. त्या माउलीने तो पदरात बांधला. पुढे पाहते तो आंब्याच्या जागी बालक! तो ब्राह्मण म्हणजे पंढरीचा विठ्ठल, आणि देवाने चोखलेल्या आंब्यातून जन्मला म्हणून त्याचे नाव चोखा. भाषेच्या दृष्टीने पाहिले तर पहिली व्युत्पत्तीच खरी धरावी लागेल. पण कथेचा भावार्थ सोडून देण्यासारखा नाही. ज्याच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्याच्या आईच्या हातचे फळ देवाने तोंडाला लावले, आणि देवाचे उष्टे हेच त्याचे जन्मनाव ठरले. सामान्य माणसाने आपल्या बुद्धीप्रमाणे अस्पृश्यतेला दिलेले हे उत्तर होय. बंका यांनीही आपल्या मेहुण्याची स्तुती करताना याच नावाचा आधार घेतला आहे. नाव चोखा, आणि अंगीही मळ नाही, असा त्यांच्या अभंगाचा आशय आहे.

आता 'मेळा' या दुसऱ्या पदाकडे वळू. काही जण मेळा म्हणजे मळलेला असा अर्थ लावतात, आणि 'चोखा पण मळका' अशी त्या नावाची फोड करतात. मला ती पटत नाही. मळ या शब्दापासून मराठीत मळका झाला, मळकट झाला. मेळा मात्र मेळ या शब्दाच्या घरातला आहे. मेळ बसणे, मेळावा भरणे, गणेशोत्सवातले मेळे, ही सगळी त्याची भावंडे. मेळ म्हणजे एकत्र येणे. तेव्हा चोखामेळा या नावात दोन गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत: शुद्धता आणि एकत्र येणे.

मंडळी, माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. आपल्या समाजाने शेकडो वर्षे शुद्धतेचा अर्थ काय केला? दूर राहणे. शिवू नये, सावली पडू देऊ नये, वेगळे पाणी, वेगळी वाट, वेगळे मसणवट. जितका दूर, तितका शुद्ध. आणि या घराचे नाव सांगते की जो चोख असेल तो मेळ घालील, आणि जिथे मेळ आहे तिथेच चोखपणा आहे. एका नावाने एवढे मोठे तत्त्व सांगितले, आणि आपण ते नाव भजनात रोज घेत असूनही त्याचा अर्थ ऐकला नाही.

तिसरा शब्द सोयरा. सोयरा म्हणजे नातलग. सोयरीक जुळली म्हणजे दोन घरे एक झाली. पण याच शब्दाशेजारी आणखी एक शब्द आहे, तो आपल्या माता-भगिनींना चांगला ठाऊक आहे. तो म्हणजे सोयर. घरात मूल जन्मले की सोयर, माणूस गेले की सुतक. सोयर म्हणजे जन्माचा विटाळ. एका बाजूने नाते, दुसऱ्या बाजूने विटाळ, अशा दोन शब्दांच्या सीमेवर या बाईंचे नाव उभे आहे. आणि सोयराबाईंनी विटाळावरच सर्वांत रोखठोक अभंग लिहिला. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. विटाळ देहाचा म्हणता, तर असा कोणता देह आहे की जो विटाळावाचून जन्मला? सगळेच जर तिथूनच आले, तर सोवळा कोण आणि ओवळा कोण? आत्मा तर शुद्धच आहे. आजही या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही. कारण उत्तर द्यावयाचे तर आपल्या आईकडे बोट दाखवावे लागते.

सोयराबाई अभंगाच्या शेवटी आपली ओळख 'चोखियाची महारी' अशी देतात. लोकांनी जो शब्द हिणविण्यासाठी वापरला, तो त्यांनी सहीसारखा वापरला. ज्याची लाज दुसऱ्याला वाटावी अशी त्याची अपेक्षा होती, ते नाव त्यांनी ताठ मानेने लिहविले. शिळेवर नाव कोरण्यापेक्षा हे धैर्याचे काम आहे.

चौथे नाव निर्मळा. याचा अर्थ सांगावयास नकोच. मळ नाही ती निर्मळा. भावाचे नाव चोखा, बहिणीचे निर्मळा. दोन्ही नावे एकाच अर्थाची. निर्मळाबाईंचे थोडे अभंग आज उपलब्ध आहेत, आणि त्यांत भावाला गुरूच्या ठिकाणी मानून त्या बोलतात. पण त्यांच्या नावाशी निगडित जी कथा आहे ती मला विशेष वाटते. सोयराबाईंचे बाळंतपण जवळ आले. चोखोबा घरी नव्हते, जवळ कोणी बाईमाणूस नव्हते. तेव्हा पांडुरंग नणंदेचे, म्हणजे निर्मळेचे रूप घेऊन आले आणि त्यांनी बाळंतपण केले, असे परंपरा सांगते. आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान कोणाचा? आत्याचा. देव आला तो आत्याच्या रूपाने आला. ज्या घरातल्या जन्माचा गावाला दुहेरी विटाळ, त्या घरात देवाने सुइणीचे काम केले, आणि ते निर्मळा या नावाने केले. कथेला इतिहास म्हणू नये, हे खरे. पण कोणत्या समाजाने कोणती कथा जपली, यावरून त्याच्या मनातले दुःख आणि आशा दोन्ही कळतात.

पाचवे नाव बंका, काही ठिकाणी वंका असेही येते. संस्कृत वक्र, प्राकृत वंक, म्हणजे वाकडा. पण शब्दाचे नशीबही माणसासारखेच पालटते. वाकडी पगडी घालणारा, ऐटबाज, शूर, तो बांका जवान झाला. वाकड्याचा रुबाबदार झाला. कठीण वेळेला आपण आजही बाका प्रसंग म्हणतो. तोही याच कुळातला शब्द. चोखोबांचा उसाचा अभंग आपल्यापैकी लहान मुलांनाही येतो. ऊस वाकडा असतो म्हणून रस काही वाकडा होत नाही, असा त्याचा भाव. आपला तालुका ज्वारीचा, आणि नदीकाठी उसाचा. ज्याने ऊस तोडला आहे, त्याला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. मेहुण्याचे नावच 'वाकडा' या अर्थाचे, आणि चोखोबांचा सर्वांत गाजलेला अभंग वाकडेपणावरचा. हा योगायोगही असेल. पण बाहेरच्या रूपावरून आतला रस ठरवू नये, हे या घरात सर्वांना कळलेले होते, हे निश्चित.

राहिला कर्ममेळा. वडिलांच्या नावातील मेळा मुलाच्या नावात आला, म्हणजे ते त्या घराचे चिन्हच झाले. कर्म म्हणजे केलेले काम, आणि कर्म म्हणजे कपाळी आलेला भोगही. समाजाने या घराला दुसरा अर्थ सांगितला होता: मागील जन्मीच्या कर्मामुळे हा जन्म आला, तो मुकाट्याने भोगावा. चोखोबांच्या काही अभंगांत या समजुतीचा स्वीकार दिसतो. मुलाने मात्र तो केला नाही. आम्हाला हीन जातीत घालून देवा, तुला काय मिळाले, असा सरळ जाब कर्ममेळ्याने देवाला विचारला आहे. बापाने विनवणी केली, मुलाने प्रश्न केला. ज्याच्या नावातच कर्म होते, त्यानेच कर्माच्या सिद्धांताला हात घातला. घरोघरी असेच होते. वडिलांनी सोसले ते मुलगा सोसत नाही. त्याला उर्मट म्हणण्यापूर्वी त्याचा प्रश्न ऐकून घ्यावा.

नाव काय आहे, याइतकेच ते कोण कसे घेतो, यालाही महत्त्व आहे. गावगाड्यात एकाला 'पंत' म्हणत, दुसऱ्याला 'जी', आणि तिसऱ्याला नुसते 'अरे चोख्या'. वारकऱ्यांनी त्या चोख्याचे चोखोबा केले. बा म्हणजे बाप. विठोबा, खंडोबा, जोतिबा या देवांच्या नावांना जे अक्षर लागते, तेच अक्षर गावकुसाबाहेरच्या माणसाच्या नावाला लागले. आणि दामाजीपंतांच्या कथेत तर उलटेच घडले. दुष्काळात पंतांनी बादशाही कोठारातले धान्य भुकेल्यांना वाटले, तेव्हा त्याची भरपाई करण्यासाठी देव स्वतः बेदरच्या दरबारी गेला असे आपण मानतो. कोणत्या नावाने गेला? विठू महार या नावाने. माणसाला देवाचे अक्षर मिळाले आणि देवाने त्या माणसाची जात लावली. या दोन्ही गोष्टी आपल्या मंगळवेढ्याशी जोडलेल्या आहेत. त्याही आधी, बाराव्या शतकात, कलचुरी राजा बिज्जल याच्या पदरी महात्मा बसवेश्वर याच मंगळवेढ्यात होते, आणि जन्मावरून माणसाची प्रत ठरवू नये हे त्यांनीही सांगितले. ही भूमी या शिकवणीला नवखी नाही.

आता शेवटची गोष्ट. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले होते. चोखोबा इतर मजुरांबरोबर कामावर होते. भिंत कोसळली, आणि सगळे तिच्याखाली गाडले गेले. संत नामदेव आले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी ओळख पटवून त्यांनी त्या पंढरपुरी नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. अस्थींची ओळखही नावावरून पटली! ज्या भिंतीने त्यांना आयुष्यभर बाहेर ठेवले, ती भिंत बांधताना त्यांचा प्राण गेला. त्यांच्याबरोबर जे इतर मजूर गेले त्यांतील एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. भिंत बांधविणाऱ्या धन्याचे नावही आज कोणी घेत नाही.

पुढे सहाशे वर्षे चोखोबांची समाधी बाहेर राहिली आणि त्यांचे लोकही बाहेरच राहिले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा विठ्ठल मंदिराचे दार सर्वांना उघडले. १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. गाडगे महाराजांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधली आणि तिला स्वतःचे नाव दिले नाही, चोखामेळ्यांचे दिले. १९५६ साली या समाजातील असंख्य कुटुंबांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यांची वाट निराळी झाली, तो त्यांचा हक्क आहे, आणि तशी पाळी का आली याचा विचार आपण करावयाचा आहे. वाट निराळी झाली म्हणून गावाची सोयरीक तुटत नाही. ती आपण तोडली तरच तुटते.

म्हणून शिळा बसविण्यापूर्वी समितीला माझी हात जोडून विनंती आहे. ज्यांनी पैसा दिला त्यांची नावे अवश्य कोरा. दात्यांचे ऋण मोठे आहे. त्याबरोबर ज्यांनी हात दिला त्यांचीही नावे कोरा. पाथरवट, गवंडी, बिगारी, वाळूच्या खेपा आणणारे, डोक्यावरून पाट्या वाहणाऱ्या आयाबाया, या सर्वांची पूर्ण नावे, त्यांच्या वडिलांच्या अथवा पतीच्या नावासह, दुसऱ्यांच्याच आकाराच्या अक्षरात यावीत. एकाला श्री. आणि दुसऱ्याला नुसते नाव असे होऊ नये. कोणाच्याही नावापुढे जात येऊ नये. मजुरीचे पैसे चुकते केले म्हणून नाव लिहावयास नको, असे कोणी म्हणेल. तर त्याला सांगावे की १३३८ साली तीच चूक झाली, आणि त्या भिंतीखालच्या माणसांची नावे आपण कायमची गमावून बसलो.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता ते नाव वापरावयाचे तर ज्वारीही इथल्याच काळ्या रानातली पाहिजे. नावाला माल उतरला पाहिजे. माणसांच्या आणि देवळांच्या नावाचेही तसेच आहे. विठ्ठल मंदिर असे नाव घातले की तिथे चोखोबांच्या लेकरांना कोणी अडवता कामा नये, पाण्याचा पेला वेगळा असता कामा नये, पंगतीची ओळ निराळी असता कामा नये. समितीने जमाखर्च या स्मरणिकेत छापण्याचे ठरविले आहे, त्याबद्दल तिचे अभिनंदन. तो चोख असेल याची मला खात्री आहे. त्याच्या जोडीला गावाचा मेळही बसू द्या. हिशेब चोख आणि माणसांचा मेळ, असे दोन्ही ज्या देवळात असेल, त्याचा जीर्णोद्धार खऱ्या अर्थाने झाला असे म्हणता येईल.